त्साओ त्साओच्या मृत्युशय्येपाशी

इसवी सन 220 च्या मार्च महिन्यात लुओयांग शहरात त्साओ त्साओ वारला. चिनी पद्धतीने मोजले तर 66 व्या वर्षी, स्वतःच्या अंथरुणात, आजारपणाने. उत्तर चीन त्याच्या मुठीत होता, हान घराण्याचा सम्राट त्याच्या हातातले बाहुले झाला होता आणि हयात मुलांतला थोरला वारसा चालवायला तयार होता. राज्यकर्त्याला याहून भरल्या घरातला मृत्यू क्वचितच लाभतो.

कथाकारापुढची अडचण इथूनच सुरू होते. कारण चीनच्या लोकमानसात हा माणूस शतकानुशतके खलनायक म्हणून उभा आहे. अकराव्या शतकातला मोठा कवी सू शी याने एक आठवण लिहून ठेवली आहे. गल्लीतल्या द्वाड पोरांना घरची मंडळी वैतागून चार पैसे देत आणि कथेकऱ्यापुढे बसवत. तीन राज्यांची गोष्ट रंगात आली की त्साओ त्साओचा प्रतिस्पर्धी ल्यू बेइ हरल्यावर ही पोरे रडवेली होत आणि त्साओ त्साओ हरला की आनंदाने ओरडत. अशा श्रोत्यांना या माणसाचा शेवट कसा सांगायचा? रणांगणात त्याला मारता येत नाही, कारण इतिहास आडवा येतो. सुखाने मरू द्यावे, तर श्रोते उठून जातील.

चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानचुंगच्या नावाने ओळखली जाणारी ‘सान-क्वो यान-यी’, म्हणजे तीन राज्यांची कादंबरी, या पेचातून ज्या रीतीने वाट काढते, ती जुन्या चिनी कथालेखनातली फार मोठी करामत आहे. आज वाचली जाणारी 120 प्रकरणांची आवृत्ती सतराव्या शतकात माओ लुन आणि त्याचा मुलगा माओ त्सुंगकांग यांनी संपादित केली. तिच्या 78 व्या प्रकरणात त्साओ त्साओ मरतो. हे प्रकरण हातात घेऊन इतिहासाशी ताडून पाहिले की लेखकाने काय घेतले, काय हलवले आणि काय तसेच राहू दिले, हे स्वच्छ दिसते.

सुरुवात एका नासपतीच्या झाडापासून होते. लुओयांगमध्ये नवा महाल बांधायचा आहे, त्याच्या तुळईसाठी देवळाजवळचे एक प्रचंड झाड सुचवले जाते. करवत चालत नाही, कुऱ्हाड रुतत नाही. झाडात देव राहतो, ते तोडू नका, असे गावातली म्हातारी माणसे विनवतात. त्साओ त्साओ चिडतो. चाळीस वर्षे सारा देश पालथा घातलेल्या, सम्राटापासून रयतेपर्यंत सगळ्यांना धाक असलेल्या आपल्याला कोणता देव अडवणार, असे म्हणत तो स्वतः तलवारीचा वार करतो. झाडातून रक्ताची चिळकांडी उडते आणि त्याच्या अंगावर येते. त्याच रात्री काळ्या कपड्यांतला वृक्षदेव स्वप्नात येऊन त्याच्यावर आरोप ठेवतो: हा महाल बांधण्यामागे सिंहासन बळकावण्याचा तुझा हेतू आहे. मग देव तलवार उगारतो. जाग येते ती असह्य डोकेदुखीने.

हे सारे कादंबरीकाराच्या डोक्यातून निघाले असेल असे वाटते, पण तसे नाही. छन शौ याने तिसऱ्या शतकात लिहिलेल्या ‘तीन राज्यांच्या इतिहासा’वर पेइ सुंगजी याने 429 साली भली मोठी टिपणे पूर्ण केली. त्यांत रक्ताळलेल्या झाडाची कथा दोन वेगवेगळ्या जुन्या ग्रंथांतून उतरवून घेतली आहे. त्यांतल्या एका कथेत सू युए नावाचा कारागीर नासपतीचे झाड उपटून दुसरीकडे लावायला निघतो, मुळाला इजा होते, रक्त येते. त्साओ त्साओ जाऊन पाहतो, अपशकुन मानतो आणि परतल्यावर आजारी पडतो. कादंबरीने दोन गोष्टी बदलल्या. वार स्वतः त्साओ त्साओच्या हातून घडवला आणि झाडाला बोलते केले. अपशकुनाचे आरोपपत्र झाले.

डोकेदुखीवर इलाज करायला ह्वा थ्वो हा विख्यात वैद्य येतो. भूल देणारे औषध पाजून कवटी उघडायची आणि आतला विकार काढायचा, असे तो सांगतो. त्साओ त्साओला संशय येतो की हा आपल्याला मारायला आला आहे. तीनच प्रकरणांपूर्वी याच वैद्याने त्याचा शत्रू ग्वान यू याच्या दंडाचे हाड खरवडून विष काढले होते आणि तो वीर हूं की चूं न करता सोंगट्यांचा डाव खेळत बसला होता. त्या ग्वान यूचे मस्तक नुकतेच पेटीतून त्साओ त्साओकडे आले आहे. हा वैद्य मित्राचा सूड घ्यायला आला असणार, असा निष्कर्ष काढून तो त्याला तुरुंगात टाकतो. वैद्य तिथेच मरतो. त्याचे वैद्यकीचे पुस्तक तुरुंगाच्या पहारेकऱ्याची बायको जाळून टाकते. उरलेल्या दोन-एक पानांवर कोंबड्या-डुकरांच्या खच्चीकरणासारखी किरकोळ माहिती तेवढी राहते.

इतिहासात ह्वा थ्वोला त्साओ त्साओनेच मारले, हे खरे. पण कधी? बायकोच्या आजाराचे खोटे निमित्त सांगून तो सेवेवर परतला नाही, म्हणून त्याला देहदंड झाला. 208 साली त्साओ त्साओचा लाडका छोटा मुलगा आजारपणात गेला, तेव्हा आपण ह्वा थ्वोला मारले याचा बापाला पश्चात्ताप झाला, अशी इतिहासात नोंद आहे. म्हणजे हा वैद्य त्साओ त्साओच्या आधी किमान बारा वर्षे गेलेला होता. ग्वान यूच्या दंडावर उपचार करणाऱ्या वैद्याचे तर इतिहासात नावच नाही. कादंबरीकाराने मेलेल्या वैद्याला बारा वर्षे जिवंत ठेवले, आधी शूराच्या आणि मग संशयखोराच्या उशाशी नेऊन बसवले. एकाच हातातले शस्त्र दोन माणसांची परीक्षा घेते. ग्वान यू हात पुढे करतो, त्साओ त्साओ डोके मागे घेतो. देवाने किंवा शत्रूने मारण्याची गरजच राहत नाही. आयुष्यभर जोपासलेला संशय शेवटी त्याचा एकमेव उपाय मारून टाकतो.

या वैद्याच्या कथेला भारताचा धागा असावा, असे मत इतिहासकार छन यिनख यांनी 1930 साली मांडले. बौद्ध ग्रंथांतला जीवक हा वैद्य राजगृहातल्या एका सावकाराची कवटी उघडून आतले किडे काढतो. उज्जैनच्या संतापी प्रद्योत राजाला तुपात शिजवलेले औषध देऊन तो जीव वाचवत पळतो. भिक्षूंबरोबर या गोष्टी चीनला पोचल्या आणि ह्वा थ्वोच्या चरित्रात मिसळल्या, असा छन यांचा तर्क आहे. प्रद्योत बरा होऊन जीवकाला भेटी पाठवतो, हा फरक मात्र लक्षात घेण्याजोगा आहे.

मग भुते येतात. मध्यरात्री महालात कापड फाटल्यासारखा आवाज होतो. सम्राज्ञी फू, सम्राटाची गर्भार असताना मारली गेलेली राणी तुंग, दोन राजपुत्र, त्यांचे नातलग, अशी वीसहून अधिक माणसे रक्ताने माखून धुरकट ढगात उभी असलेली त्साओ त्साओला दिसतात. तलवार उपसून तो हवेत वार करतो आणि महालाचा एक कोपरा कोसळतो. ही नावे कल्पित नाहीत. राणी तुंग 200 साली आणि सम्राज्ञी फू 214 साली खरोखरच त्याच्या हुकमाने मारल्या गेल्या. लेखक वाचकापुढे जुन्या खुनांची यादी वाचून दाखवतो आहे.

इथपर्यंत श्रोत्यांना हवे ते मिळाले. पण यानंतर कादंबरी जे करते, त्यामुळे हे प्रकरण साध्या पापपुण्याच्या हिशेबापलीकडे जाते. दरबारी म्हणतात, पुरोहित बोलावून शांती करू. त्साओ त्साओ नकार देतो. स्वर्गाचा अपराध केलेल्याने कोणाची प्रार्थना करायची, या अर्थाचे कन्फ्यूशियसचे वचन तो उच्चारतो, आपली घटका भरली हे ओळखतो आणि माणसांना बोलावून निरवानिरव करायला लागतो. भुतांनी वेढलेला हा माणूस भीक मागत नाही. गुन्हा मान्य करतो आणि सवलत मागत नाही. खलनायकाला एवढी प्रतिष्ठा द्यायला लेखकाचा हात धजावला, याचे मोल मोठे आहे.

ज्या चौघांना तो पलंगाशी बोलावतो, त्यांत सिमा यी आहे. त्याआधी त्साओ त्साओला एका गव्हाणीत तीन घोडे चारा खाताना स्वप्नात दिसलेले असतात. ‘सिमा’ या आडनावात घोड्याचे चिन्ह आहे आणि त्साओ या नावाचा उच्चार गव्हाणीच्या शब्दाशी जुळतो. चिनी वाचकाला अर्थ लगेच उमगतो: सिमा यी आणि त्याचे दोन मुलगे त्साओ घराण्याची सत्ता खाऊन टाकणार. स्वप्न पाहणाऱ्याला मात्र उमगत नाही. सल्लागार ज्या शू त्याला हा शुभशकुन असल्याचे सांगतो. 220 च्या अखेरीस त्साओ त्साओचा मुलगा त्साओ पी याने हान सम्राटाला पदत्याग करायला लावला. 266 साली सिमा यीच्या नातवाने त्साओ घराण्याला नेमके तसेच घरी पाठवले. गुन्हेगाराचा गुन्हाच त्याच्या नातवंडांवर उलटवायचा, हा न्याय भुतांच्या न्यायापेक्षा कितीतरी अधिक थंड आहे.

आणि मग मृत्युपत्र. मरणाऱ्या सत्ताधीशाच्या तोंडून येतात त्या घरगुती गोष्टी. साठवलेली मौल्यवान सुगंधी द्रव्ये बायकांमध्ये वाटून द्या. त्यांनी शिवणकाम शिकावे, रेशमी जोडे करून विकावेत, म्हणजे पोट भागेल. त्यांनी ताम्रपक्षी मनोऱ्यावर राहावे, रोज नैवेद्य दाखवावा, गाणाऱ्यांना गायला लावावे. एवढे बोलून तो दीर्घ उसासा टाकतो, डोळ्यांतून धारा लागतात आणि प्राण जातो.

सुगंध आणि जोडे यांचा हा तपशील कादंबरीने रचलेला नाही, तो खऱ्या मृत्युपत्रातला आहे. गेली सतरा शतके चिनी विद्वान त्याचा अर्थ लावण्यात गुंतले आहेत. पहिला मोठा वाचक लू जी. तो वू राज्यात जन्मला, त्याचा आजोबा त्या शत्रुराज्याचा नामांकित सेनापती होता. वू बुडाल्यावर लू जी लुओयांगला आला आणि 298 साली दरबारच्या दप्तरखान्यात त्याला हे मृत्युपत्र वाचायला मिळाले. शत्रूच्या नातवाला आनंद व्हायला हवा होता. त्याने शोकलेख लिहिला. साऱ्या देशाची घडी बसवू पाहणारी बुद्धी अखेरच्या क्षणी कपड्यांच्या पेट्या आणि बायकांची शिलाई यांत अडकावी, हे पाहून तो हळहळला. मृत्युपत्रात कपडे वेगळे जपून ठेवा, जमले नाही तर भावांनी वाटून घ्या, असेही म्हटले होते. मुलांनी खरोखरच ते वाटून घेतले, हे लू जीने नोंदवून ठेवले आहे.

सू शी, म्हणजे गल्लीतल्या पोरांची आठवण लिहिणारा तोच कवी, इतका मवाळ नव्हता. त्साओ त्साओने 208 साली मारलेल्या खुंग रुंग या निर्भीड विद्वानाची स्तुती करताना त्याने या मृत्युशय्येकडे बोट दाखवले. मुले-नातवंडे भोवती असताना हा मुसमुसत बायकांची आणि कपड्यांची व्यवस्था लावत बसला. आयुष्यभर वीराचे सोंग आणले, मरताना आतला क्षुद्र माणूस उघडा पडला, असा सू शीचा निवाडा.

त्याचा समकालीन, ज्याचा प्रचंड इतिहासग्रंथ 1084 साली पूर्ण झाला तो सिमा ग्वांग, अगदी उलट बोलला. त्याच्या शिष्याच्या आठवणींतून ते मत आपल्यापर्यंत आले आहे. मृत्युपत्रात जोडे आहेत, सुगंध आहेत, दासी आहेत, पण सिंहासनाबद्दल एक अक्षर नाही. इतका बारीक विचार करणारा माणूस एवढी मोठी गोष्ट विसरेल? सिंहासन मुलाने घ्यावे आणि आपण मात्र हानचा निष्ठावंत सेवक म्हणून इतिहासात राहावे, यासाठीच त्याने किरकोळ गोष्टींची ही गर्दी केली, असे सिमा ग्वांगचे म्हणणे. म्हणजे मरतानाही मुखवटा पडला नाही, उलट घट्ट बसवला गेला. विशेष म्हणजे सिमा ग्वांग आपले कूळ सिमा यीच्या धाकट्या भावाशी जोडत असे.

माओ त्सुंगकांगने कादंबरी संपादताना सिमा ग्वांगचाच अर्थ उचलला. त्या काळच्या चिनी कादंबऱ्या टीकाकाराच्या टिपणांसह छापल्या जात. प्रकरणाच्या आधी दीर्घ विवेचन आणि मग ओळींच्या अधेमधे बारीक अक्षरांत शेरे असत. वाचक गोष्टीबरोबर हा दुसरा आवाजही ऐकत पुढे जाई. माओच्या दृष्टीने या कादंबरीत तीन माणसे आपापल्या गुणांत अतुल्य आहेत: बुद्धीत चूगे ल्यांग, निष्ठेत ग्वान यू आणि कपटात त्साओ त्साओ. म्हणून तो ठासून सांगतो की जन्मभर खोटा असलेला हा माणूस मरतानाही खोटाच होता. इतकेच नव्हे, मेल्यावरही खोटा होता, कारण आपले प्रेत सापडू नये म्हणून त्याने 72 खोट्या समाध्या बांधवल्या.

माओचे वाचन तीक्ष्ण आहे, पण त्यात एक मोठी खोट आहे. त्साओ त्साओने सिंहासनाचा उल्लेख केला असता, तर ते राजद्रोहाची कबुली ठरले असते. केला नाही, तर ते त्याहून मोठे कपट ठरते. आरोपीने काहीही केले तरी तो दोषीच निघेल, अशी ही तपासणी आहे. सू शीचे वाचनही पूर्ण पटत नाही. ज्याने पुरोहितांची शांती नाकारली, तो बायकांच्या उदरनिर्वाहाची चिंता करताना रडला, यात क्षुद्रपणा कुठला? आश्रित स्त्रियांना कमाईचे साधन शिकवून ठेवावे, हा विचार किती सत्ताधीशांना मरताना सुचला? या तिघांत लू जीच मृत्युपत्राच्या सर्वांत जवळ जातो, कारण तो त्यात पुरावा शोधत नाही.

कादंबरीचे थोरपण असे की तिच्या मजकुरात तिन्ही वाचनांना जागा आहे. वृक्षदेव सिमा ग्वांगच्या बाजूने साक्ष देतो, अश्रू सू शीला सापडतात, आणि मृत्यूनंतर लगेच येणारी दीर्घ कविता त्साओ त्साओचे कर्तृत्व आणि अपराध एकाच माणसाच्या पदरी घालते, त्याला निव्वळ शिव्या देत नाही. शिवाय काही प्रकरणांनंतर पायतिचंग इथे ल्यू बेइ मरतो, तेव्हाही पलंग, विश्वासू मंत्री, मुलाची काळजी आणि अश्रू, अशीच मांडणी आहे. ल्यू बेइ मात्र राज्य आणि मुलगा दोन्ही उघडपणे मंत्र्याच्या हाती सोपवतो. चांगला आणि वाईट राजा एकाच साच्यात मरताना दाखवून लेखक तुलना वाचकावर सोडतो.

इतर कथांनी वेगळ्या वाटा चोखाळल्या. 1320 च्या दशकात छापलेल्या तीन राज्यांच्या जुन्या लोककथेत तर त्साओ त्साओ स्वतःच सूडाचे साधन आहे. हान घराण्याच्या संस्थापकासाठी लढलेला सेनापती हान शिन याला इसवी सनापूर्वी 196 साली सम्राज्ञी ल्यू हिने मारवले. यमाच्या दरबारात निकाल लागतो आणि हान शिन त्साओ त्साओ होऊन जन्मतो, संस्थापक दुबळा सम्राट होऊन आणि ल्यू त्याची सम्राज्ञी होऊन. अशा जगात सम्राज्ञी फूचा खून हाच जुन्या खुनाचा निवाडा ठरतो.

‘चिन फिंग मेइ’ या सोळाव्या शतकाच्या अखेरच्या कादंबरीचा नायक शीमन छिंग आधीच्या ‘पाणथळीच्या वीरां’च्या कथेत सूड घ्यायला आलेल्या वू सुंगच्या हातून खानावळीच्या माडीवरून फेकला जातो आणि मारला जातो. नव्या लेखकाने तो सूड चुकवला. वू सुंग भलत्याच माणसाला मारतो, शीमन छिंग वर्षानुवर्षे मजेत जगतो आणि 33 व्या वर्षी कामोत्तेजक औषधाच्या अतिरेकाने झिजून मरतो. शेवटच्या श्वासापर्यंत तो जावयाला दुकानांची भांडवले आणि येणी सांगत राहतो. तो मरतो त्याच वेळी त्याला मुलगा होतो आणि तो त्याचाच पुनर्जन्म निघतो. इथेही मरताना तोंडी हिशेब आहे, पण तो फक्त वसुलीचा.

छिन ह्वेइ या मंत्र्याने सेनापती यूए फेइचा बळी घेतला आणि 1155 साली तोही त्साओ त्साओसारखा घरीच मेला. त्याला मात्र कोणी माफ केले नाही. हांगचौमध्ये यूए फेइच्या समाधीपुढे त्याचा लोखंडी पुतळा हात मागे बांधलेल्या अवस्थेत गुडघे टेकून आजही आहे.

विसाव्या शतकात वारे फिरले. लू शुन यांनी 1927 साली क्वांगचौच्या व्याख्यानात त्साओ त्साओ निदान कर्तबगार पुरुष होता, असे स्पष्ट सांगितले. 1959 साली क्वो मोरुओ यांनी त्याच्या बाजूने लेख लिहिला आणि नाटकही आणले. चिनी ऑपेराच्या रंगमंचावर मात्र तो कपटी माणसाच्या पांढऱ्या रंगवलेल्या चेहऱ्यानेच येतो.

त्या 72 समाध्यांचे काय झाले? हपेइ प्रांतातल्या त्स्र परगण्यातल्या ज्या मातीच्या टेकाडांना लोक त्साओ त्साओच्या खोट्या समाध्या म्हणत, ती पुरातत्त्वज्ञांना नंतरच्या, उत्तरेकडील राजवंशांच्या कबरी असल्याचे आढळले. त्याच्या स्वतःच्या 218 सालच्या आज्ञेत फसवाफसवीचा मागमूस नाही. उंच, नापीक जमिनीवर कबर खोदा, वर टेकाड नको, झाडे नकोत, असे ती सांगते. मृत्युपत्रात सोने, जेड, रत्ने पुरू नका, रोजच्या कपड्यांत दफन करा, असे म्हटले आहे.

27 डिसेंबर 2009 रोजी हनान प्रांतातल्या आनयांगजवळच्या शीगावश्वे गावात त्याची कबर सापडल्याचे जाहीर झाले. काही विद्वानांनी शंका घेतल्या, वाद रंगला, पण पुरातत्त्व खात्याने आपला निष्कर्ष कायम ठेवला आणि 2023 साली तिथे संग्रहालय उघडले. कबर अनेकदा लुटली गेली होती. आत साठीच्या आसपासच्या पुरुषाची आणि दोन स्त्रियांची हाडे मिळाली. सोबत दगडी पाट्या होत्या. काहींवर वेइच्या राजाच्या, म्हणजे त्साओ त्साओच्या, नेहमीच्या वापरातल्या शस्त्रांची नोंद होती, तर काही निव्वळ सामानाची यादी होत्या: आरशाची घोडी, लिहायचे मेज, चेहऱ्याला लावायची पांढरी पूड, दोन मापे सोयाबीन आणि सुगंधी पुरचुंड्यांच्या 30 जोड्या.